निवेदनं पुष्कळ झाली, आता एकदा वाडीत येऊन बसा

आमच्या नगरपरिषदेच्या वीसच्या वीस नगरसेवक-नगरसेविकांना आणि नगराध्यक्षांना,

सप्रेम नमस्कार.

मी बसस्टँडसमोरचा झेरॉक्सवाला. नाव घालत नाही, कारण तुमच्यातले बहुतेक मला दुकानावरनंच ओळखतात आणि गेल्या १७ वर्षांत तुमच्या सगळ्यांचंच काही ना काही मी टाईप केलेलं आहे. प्रतिज्ञापत्रं, जाहीरनामे, वाढदिवसाच्या बॅनरचा मजकूर, आणि सगळ्यात जास्त म्हणजे निवेदनं. झेंडा कुठल्याही रंगाचा असो, निवेदनाची फाईल माझ्या कॉम्प्युटरवर एकच आहे. 'उपरोक्त विषयास अनुसरून आपणास कळविण्यात येते की' इथून सुरू आणि 'अन्यथा तीव्र आंदोलन छेडण्यात येईल' इथं संपलं. वरची तारीख बदलायची, खालचं नाव बदलायचं, चार प्रती काढायच्या. एक आगारात, एक तहसीलदारांकडं, एक पोलीस स्टेशनला माहितीसाठी, आणि चौथी साहेबांच्या हातात देताना फोटोत धरायला. ती चौथी प्रत सगळ्यात स्वच्छ लागते, तिच्यावर एक काळा डाग पडला तरी परत काढायला सांगता.

हे मस्करीत लिहितोय असं वाटेल, पण मागच्या महिन्यापासून मला मस्करी सुचत नाहीये.

झालं असं की सर्वसाधारण सभेची विषयपत्रिका माझ्याकडं झेरॉक्सला आली, २५ प्रती. दुसऱ्याचा कागद वाचायचा नाही हा आमच्या धंद्याचा नियम, तो मी त्या दिवशी मोडला कारण मशीनमधून बाहेर पडणाऱ्या कागदावर आमच्या वाडीचं नाव दिसलं. विषय क्रमांक ११, शाळा क्रमांक ४ चे पटसंख्येअभावी शाळा क्रमांक १ मध्ये समायोजन करणेबाबत. विषय क्रमांक १२, खाडीलगतचा दवाखाना आठवड्यातून दोन दिवस चालविणेबाबत. म्हणजे माझ्या मुलाची शाळा आणि माझ्या आईचा दवाखाना जाणार हे मला माझ्याच मशीनकडनं कळलं, प्रती दोन रुपये दरानं. आठ दिवसांनी सभा झाली आणि दोन्ही विषय सर्वानुमते मंजूर. त्याच आठवड्यात आगारानं सकाळची ५.५० ची गाडी बंद केल्याचा कागद स्टँडवर चिकटवला, कारण 'अल्प भारमान', म्हणजे गाडीत माणसं कमी. तुमच्यातल्या दोघांना मी त्याच संध्याकाळी दुकानात विचारलं, तर एक म्हणाले की शाळेचं वरनं आलंय, आणि दुसरे म्हणाले की गाडीचं आमच्या अखत्यारीत नाही.

म्हणून हे पत्र, आणि ते खुलं, कारण बंद पाकिटातल्या पत्राचं काय होतं ते माझ्याइतकं कुणाला माहीत असणार.

माझी गोष्ट आधी सांगून टाकतो म्हणजे तुम्हाला शोधत बसायला नको की याच्या मागं कोण आहे. कोण नाही. वाडीत घर आहे, स्टँडपासून साडेचार किलोमीटर, नगरपरिषदेच्या हद्दीत, घरपट्टी पाणीपट्टी वेळेवर भरलेली. आई ७९ वर्षांची, बीपी आणि शुगर दोन्ही. मुलगी नववीत, ती गावातल्या हायस्कूलला येते. धाकटा तिसरीत, तो शाळा क्रमांक ४ मध्ये, जिथं मी शिकलो आणि माझे वडीलही शिकले. मला निवडणूक लढवायची नाहीये, दुकान बंद ठेवून प्रचार करायला परवडणार नाही.

आता गाडीचं. हे जरा लांबलचक आहे, पण ऐकाच, कारण बाकीच्या दोन्ही विषयांत हीच गोष्ट परत येते.

आमच्या वाडीत पूर्वी वस्तीची गाडी असायची. रात्री नऊला यायची, देवळाशेजारी उभी राहायची, ड्रायव्हर-कंडक्टर तिथल्या खोलीत झोपायचे आणि सकाळी ५.५० ला सुटायची. त्यांचं रात्रीचं जेवण वाडीतल्या घराघरांत पाळीपाळीनं ठरलेलं असायचं, एक कंडक्टर होते त्यांना बांगड्याचं तिखलं आवडायचं तर आमची आई त्यांची पाळी आमच्याकडं आली की मुद्दाम बांगडे ठेवायची. ती गाडी कधी चुकली असं आठवत नाही, कारण चुकणार कशी, ती तर आमच्या उशाशीच उभी.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. त्यात त्या खोलीचं छप्पर गेलं, आणि मागच्या संडासाची भिंत पडली. लोकांच्या घरांचे पंचनामे झाले, कमीजास्त पैसे आले, पण ती खोली कुणाचीच नव्हती. आगार म्हणालं जागा नगरपरिषदेची, नगरपरिषद म्हणाली वापर आगाराचा. बिचारे ड्रायव्हर-कंडक्टर वर्षभर गाडीतच झोपले, डासांत, आणि सकाळी डबा घेऊन खाडीकडं. त्यांनी तक्रार केली ती काही चुकीची नव्हती, मी असतो तर मीही केली असती. मग २०२१ च्या ऑक्टोबर अखेरीला एसटीचा संप सुरू झाला तो २०२२ च्या एप्रिलपर्यंत चालला, आणि संप मिटल्यावर सगळ्या गाड्या हळूहळू परत आल्या पण आमची मुक्कामाची आली नाही. तिच्याऐवजी सकाळी स्टँडवरनं रिकामी गाडी वाडीत यायची आणि तिथून भरून परत. रिकामी येते म्हणजे डेड किलोमीटर, डेड किलोमीटर म्हणजे तोटा, त्यामुळं आगारात गाडी कमी पडली की पहिली कापायची ती हीच. गणपतीत तर विचारूच नका, चाकरमान्यांसाठी जादा गाड्या सोडायच्या म्हणून आमच्या फेऱ्या आठ-आठ दिवस गायब. चाकरमानी आमचेच आहेत हो, माझा सख्खा भाऊ आहे त्यांच्यात, त्याला गाडी मिळालीच पाहिजे, पण त्याला आणायला जाताना आईची गाडी कशाला घेऊन जाता.

तर अशी ती गाडी येते-नाही-येते करत चार वर्षं चालली आणि आता बंद, कारण भारमान नाही.

मला हे पटेना म्हणून मी आणि कॉलेजची दोन पोरं मिळून १२ दिवस त्या थांब्यावर वही घेऊन उभे राहिलो. गाडी बंद व्हायच्या आधीचे दिवस आहेत हे, नोटीस लागणार अशी कुजबुज ऐकली होती. रोज ५.४० ला किती माणसं उभी आहेत, गाडी कधी आली, चढली किती. वही माझ्याकडं आहे, कुणीही येऊन बघा. उभी असलेली माणसं सरासरी ३१. त्यात मासे घेऊन जाणाऱ्या बायका आठ-नऊ, हायस्कूल आणि कॉलेजची मुलं, रेल्वे स्टेशनला जाणारे, तारखेला कोर्टात जाणारे, दवाखान्याचे. गाडी १२ पैकी ७ दिवस आली. त्या सातातही तीन दिवस अर्ध्या तासाहून उशिरा. आता विचार करा, मासेवाली अर्धा तास थांबेल काय? एक मावशी मला म्हणाली, "मासा थांबतो काय रे बाबा, त्याला काय टायमटेबल कळतं?" ती मिनीडोरमध्ये, म्हणजे सहा आसनी रिक्षात बसते, पोरंही लटकतात, आणि मग गाडी येते तेव्हा थांब्यावर उरतात सात-आठ जण. कंडक्टरच्या मशीनमधून निघालेली तिकिटं आठ. वरच्या साहेबाच्या टेबलावर जाणारा आकडा आठ. आमच्या वहीतला आकडा ३१. साहेब खोटं बोलत नाहीत, त्यांच्यापुढं आलेला कागद तेवढाच आहे.

इथं तुम्ही पाहिजे होतात.

आधी सेवा अनियमित करायची, लोक कंटाळून दुसरीकडं वळले की माणसं मोजायची, आणि मग म्हणायचं की बघा लोकांनाच नको आहे. मुद्दाम कुणी बसून हे ठरवतं असं मी म्हणत नाही, बहुतेक वेळा ते आपोआपच होतं, पण होतं तसंच. आणि मशीनच्या आकड्याला उत्तर द्यायचं तर आपल्या हातात दुसरा आकडा पाहिजे, आणि तो मिळवायचा तर सकाळी पावणेसहाला थांब्यावर यावं लागतं. मी झेरॉक्सवाला येऊ शकतो तर निवडून आलेला माणूस का नाही?

सवलतींचंही बघा. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरच्यांना एसटीचा प्रवास फुकट झाला, १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट. दोन्हीचे बॅनर मीच छापून आणलेत, त्यावर तुमच्यातल्या बऱ्याच जणांचे फोटो होते, हात जोडलेले. आमच्या आईचं कार्ड कपाटात आहे, व्यवस्थित प्लास्टिकच्या पिशवीत. गाडीच नसली तर फुकट कशात बसायचं? मिनीडोरवाला आईकडनं पूर्ण पैसे घेतो आणि मासेवालीच्या टोपलीचे वेगळे. त्याच्यावरही राग नाही, त्याला डिझेल कुणी फुकट देत नाही.

शाळेचं सांगतो. पट ११ आहे हे खरं. आम्ही तो नाकारत नाही. पण तीन वर्षांपूर्वी २३ होता आणि तेव्हा बाई दोन होत्या. मग एका बाईंना कामगिरीवर दुसऱ्या शाळेत पाठवलं, ते तात्पुरतं होतं, ते अजून तात्पुरतंच आहे. राहिलेल्या बाई एकट्या चार वर्ग सांभाळणार, पोषण आहाराचा हिशोब लिहिणार, ऑनलाईन माहिती भरणार, त्यासाठी रेंज मिळावी म्हणून टेकाडावर जाऊन उभ्या राहणार. ज्यांना परवडत होतं त्यांनी पोरं व्हॅननं इंग्लिश मीडियमला धाडली. माझ्या चुलतभावानंच धाडली, त्याला मी काय बोलू, तो म्हणतो तुझा मुलगा दिवसातनं एक तास शिकतो आणि तीन तास फळ्यावरचं उतरवून काढतो. आणि खरं सांगायचं तर वाडीत पोरंच कमी जन्माला येतायत, तरुण जोडपी नालासोपारा-दिव्याला खोल्या घेऊन राहतात, त्याला नगरपरिषद काय करणार. हे सगळं मान्य आहे. तरी ११ मुलं उरतात ती कुणाची आहेत ते बघा. खलाशाची, मोलकरणीची, कातकऱ्यांची चार. त्यांना व्हॅन लावता येत नाही म्हणूनच ती तिथं आहेत.

शिक्षण हक्काचा कायदा २००९ चा आहे, त्याच्या नियमांत पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत पाहिजे असं आहे. शाळा क्रमांक १ आमच्यापासून चार किलोमीटर. सभेत म्हणे कुणीतरी सांगितलं की वाहतूक भत्ता मिळेल. मिळेल हो, पण भत्ता पावसात छत्री धरून उभा राहत नाही. सहा वर्षांचं पोर जाणार कशानं, तर गाडीनं, आणि गाडी तर त्याच आठवड्यात बंद झाली. एका टेबलावर शाळा बंद करताना दुसऱ्या टेबलावर गाडी बंद होतेय हे तुमच्या वीस जणांतल्या एकाच्याही ध्यानात आलं नाही? की आलं होतं आणि गप्प बसलात? यातलं कुठलं वाईट ते मी अजून ठरवू शकलेलो नाही.

दवाखाना. इथं डॉक्टरांबद्दल एक शब्द वाईट बोलणार नाही, ते दोन ठिकाणचा चार्ज सांभाळतायत. कंपाउंडर निवृत्त झाले, जागा रिकामी. सिस्टर प्रसूतीच्या रजेवर, बदली माणूस नाही. मग औषध कोण देणार, म्हणून लोक येईनासे झाले, म्हणून ओपीडी कमी, म्हणून दोन दिवस. परत तेच चक्र, नुसतं गाडीच्या जागी गोळ्या. आता म्हणे मंगळवार आणि शुक्रवार. लावणीच्या दिवसांत आमच्याकडं फुरसं चावतं, विंचू चावतो, ते काय वार बघून चावत नाहीत.

विंचवावरनं आठवलं. महाडचे डॉ. हिंमतराव बावसकर, ज्यांना २०२२ साली पद्मश्री मिळाली, ते १९७० च्या दशकात बिरवाडीच्या सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. लाल विंचू चावून कोकणात माणसं पटापट मरायची, लहान पोरं तर जास्तच. त्या आडगावच्या दवाखान्यात येणारे पेशंट रात्रंदिवस बघून, त्यांच्या नोंदी ठेवून ठेवून पुढं प्राझोसिन या औषधाचा उपचार उभा राहिला, आणि तो जगभर पोचला. ओपीडीचा आकडा बघून तो दवाखाना तेव्हा कुणी मंगळवार-शुक्रवारवर आणला असता तर? आमच्या वाडीत असं मोठं काही घडेल असं माझं म्हणणं नाही, आमच्या आईची शुगर मोजली तरी मला पुरे.

वाचनालयाची संध्याकाळची वेळ बंद केलीत त्याबद्दल भरतीची तयारी करणारी पोरं तुम्हाला वेगळं पत्र लिहिणार आहेत, टाईप माझ्याकडंच चाललंय.

आता 'अखत्यारीत नाही' या शब्दाबद्दल. हा शब्द मी १७ वर्षांत इतक्यांदा टाईप केलाय की बोटं आपोआप जातात. ७४ वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून लागू झाली, तिनं घटनेला बारावी अनुसूची जोडली, त्यात नगरपालिकांकडं सोपवायचे १८ विषय दिलेत. सार्वजनिक आरोग्य त्यात आहे. गाडी त्यात नाही, कबूल. पण त्याच यादीत सार्वजनिक सोयींच्या विषयात दिवाबत्ती, पार्किंग, बसथांबे आणि स्वच्छतागृहं अशी नावं घेऊन लिहिलेलं आहे. बसथांबे आणि स्वच्छतागृहं! म्हणजे ज्या खोलीवर छप्पर नाही आणि ज्या संडासाला भिंत नाही म्हणून आमची मुक्कामाची गाडी गेली, तो थांबा आणि ते स्वच्छतागृह तुमच्याच ताटातलं आहे. सहा पावसाळे त्यावर पत्रा पडला नाही. त्याच सहा वर्षांत गावाच्या वेशीला स्वागत कमान झाली आणि समुद्रावर सेल्फी पॉईंट झाला, त्याची लाईट रात्रभर चालू असते.

चार वर्षं प्रशासक होता, आमच्या हातात काही नव्हतं, हे तुमचं उत्तर मला माहीत आहे आणि ते मी मान्यही करतो. ती चार वर्षं आम्हीही कुणाचं दार वाजवायचं ते न कळून काढली. पण २ डिसेंबर २०२५ ला मतदान झालं, २१ ला मोजणी झाली, गुलाल मीही अंगावर घेतला. मतदानाच्या आधी तुम्ही आमच्या वाडीत चालत आला होतात, ओहोटीला खाडीच्या कडेकडेनं, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून. आमच्या ओटीवर पोहे खाल्लेत. आईनं गाडीचं सांगितलं तर एकानं मोबाईलमध्ये लिहूनही घेतलं. त्यानंतर आलात कितीजण? मी मोजलेत, एक. एक नगरसेविका, नाव लिहिलं तर तिच्याच पक्षात तिला त्रास होईल, स्वतःची वही घेऊन आली, तीन घरांत बसली, कुठल्या नळाला किती वाजता पाणी येतं ते लिहून गेली आणि पंधरा दिवसांनी परत येऊन काय झालं नाही झालं ते सांगून गेली. काम झालं नव्हतं, तरी लोकांनी तिला चहा पाजला. बाकीच्या नगरसेविकांना फोन लावला की यजमान उचलतात. ताई, मत आम्ही तुम्हाला दिलं होतं.

आणि तो 'जनसंवाद' नका हो करू परत. मंगळवारी सकाळी ११ ला हॉलमध्ये. त्या वेळेला मासेवाली बाजारात असते, बागायतदार बागेत, मुलं शाळेत, आणि हॉलमध्ये असतात ते तुमचेच कार्यकर्ते. दोन तास सत्कार आणि शेवटी दहा मिनिटं प्रश्न, तेही चिठ्ठीवर. चिठ्ठ्या मी छापल्या होत्या, २०० पैकी १६० परत आल्या, कोऱ्या. त्याच्या मागच्या बाजूला मी आता हिशोब लिहितो.

गावाला ग्रामसभा असते, २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, माणूस उठून सरपंचाला तोंडावर विचारू शकतो. शहरांना घटनेनं वॉर्ड समिती दिली पण ती तीन लाखांवर लोकसंख्या असेल तिथं सक्तीची, आमच्यासारखी गावं मधल्यामध्ये. नावाला शहर, घरपट्टी शहराची, आणि विचारायला जागा ना गावाची ना शहराची. राज्याच्या कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद आहे. आमच्या गावात एक तरी झालेली कुणाला आठवत असेल तर त्याला माझ्याकडनं वर्षभर झेरॉक्स फुकट.

एक जुनी गोष्ट सांगतो, ती इथलीच आहे. चवदार तळं सगळ्यांना खुलं असल्याचा ठराव महाड नगरपालिकेनं १९२४ सालीच केला होता. ठराव होता, शिक्का होता, पण तळ्यावर जायची हिंमत कुणाची होऊ देत नव्हते. मग २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसं घेऊन तळ्यावर चालत गेले, आणि त्या नगरपालिकेचे अध्यक्ष सुरबानाना टिपणीस त्यांच्या बाजूनं उभे राहिले. त्या लढ्याशी आमच्या गाडीची बरोबरी करण्याइतका मी मूर्ख नाही. पण नगरपालिकेचा माणूस कुणासोबत उभा राहू शकतो हे कोकणानं शंभर वर्षांपूर्वी बघितलेलं आहे, एवढंच आठवण करून देतो. त्याला अखत्यारी विचारावी लागली नव्हती.

तर आता मागण्या. साध्या आहेत, यातल्या एकालाही मंत्रालयात जावं लागत नाही, निदान आधी तरी.

विषय ११ आणि १२ चे ठराव पुढच्या सभेत स्थगित करा, आणि ज्या वाड्यांची शाळा-दवाखाना आहे तिथं जाऊन बसल्याशिवाय परत घेऊ नका. कामगिरीवर पाठवलेल्या बाईंना परत आणा, आधी दोन बाई द्या, मग वर्षभरानं पट मोजा, तेव्हाही ११ च असला तर मी स्वतः गप्प बसेन. कंपाउंडरची जागा भरेपर्यंत तात्पुरता माणूस द्या.

देवळाजवळच्या खोलीचं छप्पर आणि संडास नगरपरिषदेनं बांधायचा. खर्च फार नाही, गवंड्याकडनं अंदाज काढलाय, कागद दुकानात आहे. एक महिना धरा, पाऊस आहे म्हणून दीड. पाणी आणि जेवण वाडी देईल, पूर्वीसारखं, आमची आई तर बांगडे ठेवायला तयारच आहे.

खोली झाली की तुम्ही वीसच्या वीस, पक्ष घरी ठेवून, आमच्या वहीची प्रत घेऊन आगार व्यवस्थापकांकडं आणि तिथून विभाग नियंत्रकांकडं जायचं. सत्कार नको, गुच्छ नको. तीन महिने गाडी वेळेवर सोडा आणि मग भारमान मोजा एवढंच मागायचं, आणि लेखी उत्तर घेऊनच उठायचं. मी एकट्यानं १० रुपयांचा स्टॅम्प लावून माहितीच्या अधिकारात विचारलं होतं, तर 'सदर फेरीचे भारमान समाधानकारक नाही' एवढी एकच ओळ आली. वीस नगरसेवकांना एका ओळीवर परत पाठवणं जरा जड जाईल. उत्तर नाही आलं तर गावात प्रचार करा, जसा मतांसाठी केलात तसा, वाडीवाडीत, रिक्षावर स्पीकर लावून. तेव्हा रिक्षावरचा आवाज रात्री दहापर्यंत ऐकत होतो, आता परत ऐकायची आमची तयारी आहे.

प्रत्येक प्रभागात दोन-दोन नगरसेवक आहात. दर दोन महिन्यांनी एक बैठक, संध्याकाळी सात नंतर, वाडीतच, खुर्च्यांची रांग आणि स्टेज नको. सभेची विषयपत्रिका सभेच्या सात दिवस आधी प्रत्येक वाडीच्या थांब्यावर लावा, म्हणजे लोकांना ती माझ्या मशीनमधून कळायला नको. आणि नगरपरिषदेच्या बाहेर एक साधा फळा, त्यावर खडूनं लिहायचं: कुठलं पत्र कुणाला गेलं, कधी गेलं, उत्तर काय आलं. उत्तर नाही आलं तर तेही लिहायचं. खडूचा बॉक्स माझ्याकडनं.

पुढच्या रविवारी संध्याकाळी सात वाजता आमच्या देवळाच्या सभामंडपात आम्ही जमतोय. मासेवाल्या येणार आहेत, कातकरवाडीतले येणार आहेत, शाळेच्या बाईंनी यायचं कबूल केलंय, फक्त त्यांना बोलायला लावू नका, नोकरी आहे त्यांची. वही तिथं ठेवलेली असेल. गाडी नसल्यामुळं तुम्हाला स्वतःच्या गाडीनं किंवा मिनीडोरनं यावं लागेल, शेवटची मिनीडोर स्टँडवरनं साडेसहाला सुटते, ती भरल्याशिवाय हलत नाही, त्यामुळं सहालाच येऊन बसा. परतीला काही नाही, ते तुमचं तुम्ही बघा, आम्हीही रोज तेच बघतो.

आपला,
बसस्टँडसमोरचा झेरॉक्सवाला

ता. क. आगाराला द्यायचं पत्र रविवारी सगळ्यांसमोर लिहायचं आहे. जुनी फाईल कॉम्प्युटरवर आहे पण ती मी उघडणार नाही, तुम्ही बोला, मी टाईप करतो. लॅपटॉप चार्ज करून आणतोय कारण वाडीत संध्याकाळी लाईट जाते, तो विषय पुढच्या पत्रात.